सतरा तारखेचं पान

गुरुवारी सकाळी साडेअकराला छाया विधातेच्या दुकानातला फोन वाजला.

"छायाताई, हातातलं काम ठेवा आणि लगेच या," प्राचार्या सावित्री मोगल म्हणाल्या. "तुमच्या वेबसाइटवरून इथे भांडण लागलंय."

छायाने शटर अर्धं ओढलं आणि स्कूटी काढली. नाशिक रोडला तिचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली ही पोरगी वेबसाइट बनवते, याचं २००३ साली लोकांना अजून नवल वाटायचं. गोदातीर नर्सिंग विद्यालयाची वेबसाइट तिने वर्षापूर्वी केली होती. तिचं पहिलं मोठं काम. त्याचा तिला अभिमान होता.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाच माणसं होती. टेबलामागे मोगल मॅडम. बाजूला हेडक्लार्क वाल्मीक जेजुरकर, हातात प्रवेशाचं रजिस्टर. खिडकीपाशी ग्रंथपाल ज्ञानेश तिडके. समोरच्या खुर्चीवर अठरा वर्षांची एक मुलगी ओढणीचं टोक मुठीत धरून बसलेली. तिच्यामागे तिचा बाप उभा. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"ही निकिता भोये. सुरगाण्याकडची," मॅडम म्हणाल्या. "गुणवत्ता यादीत नाव होतं. हजर राहायची शेवटची तारीख चौदा, सोमवार. ही आली आज, सतराला. सोमवारी पाचपर्यंत दोन मुली आल्या नाहीत. मंगळवारी आम्ही प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या दोघींना घेतलं. आता तीसच्या तीस जागा भरल्या."

"मग भांडण कसलं?"

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. वेबसाइटच्या पानाची छापील प्रत. यादीच्या वर ठळक अक्षरांत होतं: 'हजर राहण्याची अंतिम तारीख १७ जुलै, गुरुवार'.

"नोटीस बोर्डावर चौदा. या कॉम्प्युटरवर तुमचं पान उघडलंय, त्यावरही चौदा. फक्त हिच्या कागदावर सतरा."

"मी शनिवारी कळवणच्या सायबर कॅफेत बघितलं," निकिता म्हणाली. "तिथंच कागद काढला. सतराच होतं, मॅडम."

"कॅफेत कुणीही काहीही टाइप करून छापतं," वाल्मीक रजिस्टर मिटत म्हणाला.

ज्ञानेशने पाण्याचा ग्लास निकितापुढे ठेवला. "त्या मुलीला बोलू नका हो. यांचं असंच होतं, मॅडम. बोर्ड बघायला यायचं नाही, वेबसाइटवर विसंबायचं. ती इगतपुरीची दिशा, तीही तशीच राहिली."

मॅडमनी छायाकडे पाहिलं. "हे पान बदलता कुणाला येतं?"

"पासवर्ड दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि जेजुरकरांकडे."

"बघून सांगा, मध्ये कुणी बदललं का."

छाया कॉम्प्युटरपुढे बसली. लॉगिनची नोंद उघडली. शेवटची नोंद दहा जुलैची, तिची स्वतःची. त्यानंतर कुणीही आत आलेलं नव्हतं. बघायला तीन मिनिटं लागली.

"दहा तारखेनंतर कुणी लॉगिन केलेलं नाही. पान बदललेलं नाही."

"लेखी द्या."

तिने लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. खाली सही केली, शिक्का मारला.

"बाई," बाप पहिल्यांदाच बोलला. त्याचं नाव चंदर. "पोर खोटं नाय बोलत माझी."

"मशीन खोटं बोलत नाही, दादा," छाया म्हणाली.

बापलेक उठून गेली. निकिताने ग्लासाला हात लावला नव्हता. कागद टेबलावरच राहिला. तो का उचलला ते छायाला सांगता आलं नसतं, पण तिने तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

---

दुपारी दुकानात ती कागद पुन्हा बघत बसली. बनावट करणाऱ्याने काम नीट केलं होतं. वर विद्यालयाचं चिन्ह. मध्ये यादी. अगदी तळाशी तिने हौसेने टाकलेली ओळसुद्धा होती: 'आपण आमचे ३२१८वे पाहुणे आहात.' कोपऱ्यात छापल्याची वेळ. शनिवार, बारा जुलै, दुपारी चार सत्तेचाळीस.

तिचं बोट त्या आकड्यावर थांबलं.

पाहुणे मोजणारा आकडा तिच्या सर्व्हरवर होता. दर भेटीला तो एकने वाढायचा आणि भेटीची वेळ नोंदली जायची. कागद घरी टाइप करणाऱ्याने आकडा अंदाजाने टाकला असता. तिने नोंद उघडली आणि तीन हजार दोनशे अठरावा पाहुणा शोधला.

शनिवार, बारा जुलै. चार वाजून सेहेचाळीस मिनिटं.

कागद खरा होता. मुलगी खरं बोलत होती.

तिने सर्व्हरवरच्या त्या पानाची तारीख बघितली. सकाळी तिने हे बघितलंच नव्हतं. पान दहा तारखेला तिने चढवलं होतं, पण शेवटचा बदल होता पंधरा जुलै, मंगळवार, सकाळी दहा बेचाळीसचा.

कुणीतरी पासवर्डाशिवाय आत आलं होतं. तारीख बदलली आणि काम झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखी केली.

कसं?

तिने सर्व्हरची मोठी नोंदवही उघडली, ज्यात वेबसाइटला आलेली प्रत्येक विनंती लिहिलेली असते. वेबसाइटशी बोलायचे ठरावीक शब्द आहेत. प्रत्येक ओळीत त्यातला एक असतो. 'गेट' म्हणजे पान दाखव. 'पोस्ट' म्हणजे हा भरलेला फॉर्म घे. शेकडो ओळी गेट, गेट, गेट. मग अकरा जुलै, शुक्रवारच्या ओळींत एक वेगळाच शब्द दिसला. 'ऑप्शन्स'. तो नुसता प्रश्न असतो: तुझ्याकडे काय काय चालतं? त्याच्या खालच्याच ओळीत होतं 'पुट'.

पुट म्हणजे हे पान तिथे ठेव. आधीचं असेल तर त्याच्यावर ठेव.

पंधरा जुलैला पुन्हा तेच. ऑप्शन्स, मग पुट. दोन्ही वेळा विनंती नाशिकच्याच डायल-अपवरून, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरच्या इंटरनेटवरून आलेली. तेवढ्यावरून माणूस सापडत नाही.

छायाने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून स्वतःच्याच वेबसाइटला तोच प्रश्न विचारला. काय काय चालतं?

उत्तर क्षणात आलं. गेट, हेड, पोस्ट, ऑप्शन्स, पुट, डिलीट.

डिलीट म्हणजे पुसून टाक. तिने एक कोरं पान पाठवून बघितलं. सर्व्हरने ते निमूट ठेवून घेतलं. पासवर्ड विचारला नाही. मग तिने ते पुसायला सांगितलं. तेही झालं. जगातल्या कुणालाही विद्यालयाचं कुठलंही पान बदलता येत होतं, पुसता येत होतं. आणि लॉगिनच्या नोंदीत त्याची एक रेघही उमटत नव्हती, कारण लॉगिन झालेलंच नसायचं.

हे कुणी उघडं ठेवलं, ते शोधायची गरज नव्हती. मार्चमध्ये तिची टेलिफोनची लाइन सारखी तुटत होती. पान चढवताना दर वेळी पुन्हा डायल करा, पुन्हा लॉगिन करा. कंटाळून तिने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण केली, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममधून पान थेट वेबसाइटवर सेव्ह होईल. दोन दिवसांसाठी म्हणून केलं होतं. त्याला चार महिने झाले होते.

आणि एप्रिलमध्ये तिने ते विद्यालयात करून दाखवलं होतं. तासाभराचं शिकवणं. समोर तिघंच होती: मोगल मॅडम, वाल्मीक, ज्ञानेश.

"यात पासवर्ड नाही लागत?" मॅडमनी विचारलं होतं.

"कुणाला कळतंय हो," छाया हसून म्हणाली होती.

---

शुक्रवारी सकाळी तिने वाल्मीकला चहाच्या टपरीवर गाठलं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं निशा जेजुरकर.

"निशा तुमची कोण?"

"चुलतभावाची मुलगी." तो चिडला नाही. "मॅडमना मी यादी लागायच्या आधीच सांगितलंय. लेखी. का?"

"दोन नंबरची मयूरी काठे?"

"ती कोण, मला ठाऊक नाही."

"पान बदललं होतं, जेजुरकर. निकिता खरं बोलत होती."

वाल्मीकने कप खाली ठेवला. "म्हणजे आता सगळे माझंच नाव घेणार."

"पासवर्ड तुमच्याकडे आहे."

"आहे. डायरीत लिहिलाय. मला रोजचं पान उघडायलासुद्धा तुम्हाला तीनदा फोन करावा लागतो, ताई. पण बदलायचंच असतं तर पासवर्ड टाकूनच बदललं असतं ना? दुसरं कसं बदलतात?"

एप्रिलमधला तो तास त्याच्या डोक्यात राहिलाच नव्हता. किंवा राहिला नाही असं तो दाखवत होता.

"फॉर्म कुणाकुणाच्या हाती असतात?"

"अर्ज, पत्ते, फोन नंबर सगळं ऑफिसच्या कपाटात. कपाटाला कुलूप नसतं. मॅडम बघतात, मी बघतो. गर्दीच्या दिवसांत तिडके सर येतात मदतीला."

न आलेली दुसरी मुलगी होती इगतपुरीची, दिशा बिन्नर. छायाने पत्ता उतरवून घेतला आणि दुपारची गाडी पकडली.

इगतपुरीला पाऊस असा कोसळत होता की समोरचा माणूस दिसेना. रेल्वेच्या चाळीत दिशाची आई सखुबाई दारातच भेटली. छायाने विद्यालयाचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला.

"पोरगी मामाकडं गेली. दोन दिस जेवली नाय. आता काय राह्यलं?"

"ती चौदाला आली का नाही, मावशी?"

"तिनं कॉम्प्युटरवर सतरा वाचलं व्हतं. मंगळवारी शेजारचा एक जण तुमच्या हापिसावरनं आला, म्हणला भरती झाली. पोरीनं जाऊन परत बघितलं, तर तिथं चौदा. मंग रडाया लागली. म्हणली, आई, मीच चुकीचं वाचलं."

छायाने पर्समधला निकिताचा कागद चाचपला.

"तिने कागद छापून घेतला होता?"

"नाय. वहीत लिवलं व्हतं."

"तुम्ही विद्यालयात कुणाला सांगितलंत? की आम्ही वेबसाइटवर बघितलं म्हणून?"

"कुणाला सांगनार? आमचीच चूक म्हनलं, आन् घरात बसलो."

"कुणाशीच बोलणं नाही?"

"त्या फोनवर काय बोलले तेवढंच."

"कुठला फोन?"

"यादी लागायची त्या दिशी. शेजारी गार्डसायबांकडं आला. हापिसातनं बोलतो म्हणला. यादी कशी बघणार, इचारलं. म्या म्हणलं, पोरगी कॉम्प्युटरवर बघती. तर म्हणला, बरं झालं, पावसाचं इतक्या लांब येऊ नका, वेबसाइटच बघा. लय गोड बोलला बिचारा."

"नाव सांगितलं?"

"नाय. बापई माणूस व्हता."

परतीच्या गाडीत छाया खिडकीला डोकं टेकून बसली. कुणी केलं, ते तिला आता कळलं होतं. ते नाव कुणा दुसऱ्याचं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

---

शनिवारी दहा वाजता ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभी राहिली. वाल्मीक होता, ज्ञानेश होता. मॅडमनी बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

"मी गुरुवारी दिलेलं पत्र चुकीचं आहे," ती म्हणाली. "पान बदललं होतं. अकरा तारखेला चौदाची सतरा केली. पंधराला पुन्हा चौदा केली."

तिने पाहुण्यांचा आकडा दाखवला. नोंदवहीतल्या चार ओळी दाखवल्या. खूण कधी केली, का केली, तेही सांगितलं. एप्रिलमधला तो तास सांगितला. मॅडमचा चेहरा कठोर होत गेला.

"म्हणजे जगातला कुणीही हे करू शकला असता?"

"कुणीही. पण ज्याने केलं त्याने आधी फोन केले. यादीच्या दिवशी सखुबाई बिन्नरना फोन आला. काल रात्री सुरगाण्याच्या भोयांच्या गावातल्या दुकानात मी फोन लावून विचारलं. तिथेही त्याच दिवशी फोन आला होता. तोच प्रश्न, तोच सल्ला. नंबर फक्त अर्जांवर होते. म्हणजे माणूस इथलाच."

"मी नाही," वाल्मीक म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती.

"तुम्ही नाही. पासवर्ड असलेला माणूस ह्या वाटेने येत नाही. लॉगिनची नोंद होते हेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं, मग तुम्ही ती टाळणार कशी? दुसरं म्हणजे, तुमची पुतणी यादीत पहिली आहे. तिला आत यायला एक मुलगी न येणं पुरे होतं. ह्या माणसाला दोघी न यायला हव्या होत्या. म्हणून तो कुठल्या मुली नुसत्या वेबसाइटवर अवलंबून आहेत ते शोधत बसला. दोन सापडल्या. म्हणजे फायदा दुसऱ्या नंबरच्या मुलीचा."

"मयूरी काठे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"गुरुवारी ह्याच खोलीत एक वाक्य बोललं गेलं. इगतपुरीची दिशाही वेबसाइटवर विसंबली आणि राहिली. दिशा इथे आली नव्हती. तिच्या घरच्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती बोर्ड बघणार नाही, वेबसाइट बघणार आहे, हे बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. ज्याने फोन केला त्याला."

कुणी ज्ञानेशकडे बघितलं नाही. तो खिडकीपाशीच उभा होता.

"मयूरी तुमची कोण, तिडके सर?"

"भाची," ज्ञानेश म्हणाला. एवढं बोलून त्याने खिडकीची कड धरली. "बहिणीची. मेव्हणे गेल्यापासून माझ्याकडेच असते. दुसऱ्यांदा बसली होती परीक्षेला. पुढल्या वर्षी वयात बसत नाही."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिला नका सांगू." मग त्याचं त्यालाच कळलं की हे शक्य नाही. "मी कुणाचं नाव खोडलं नाही, मॅडम. स्वतःला तेच सांगत होतो. नुसती तारीख. ज्या यायच्या त्या येतील. मग गुरुवारी ती पोरगी इथे बसली, आणि मी तिला पाणी देत होतो."

मॅडमनी संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ज्ञानेशने ग्रंथालयाच्या किल्ल्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत ठरलं. निकिता आणि दिशाला प्रवेश मिळणार. जागा तीसच. म्हणजे निशा आणि मयूरी दोघींना बाहेर जावं लागणार, आणि त्या दोघींनी काहीच केलं नव्हतं. वाल्मीक चुलतभावाला फोन करायला बाहेर गेला. काचेतून छायाला दिसत होतं, की रिसीव्हर कानाला लावून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिने नवं पत्र लिहिलं. बदल कसा झाला, कुणाच्या निष्काळजीपणामुळे शक्य झाला, नावासकट. ते नोटीस बोर्डावर लावायला स्वतःच सांगितलं. मॅडमनी वाचून सही केली.

"वेबसाइट दुसऱ्या कुणाला देईन, छायाताई."

"द्यायलाच हवी."

रविवारी तिने दुकान उघडलं ते फक्त एका कामासाठी. आजवर बनवलेल्या बाकीच्या अकरा वेबसाइटना एकेक करून तोच प्रश्न विचारला. सात ठिकाणी पुट आणि डिलीट उघडं होतं. एक होती दवाखान्याची, एक पतपेढीची. तिने सगळीकडे ते बंद केलं आणि सातही जणांना फोन करून सांगितलं. तिघांनी तिचं काम काढून घेतलं.

---

सोमवारी प्रवेशाचं पत्र घेऊन ती सुरगाण्याला निघाली. बसने गावापर्यंत, पुढे डोंगरातून जीप. भोयांच्या घराला कडी होती. शेजारणीने खाली खाचराकडे बोट दाखवलं.

आवणी चालू होती. आठ-दहा बाया ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. शेवटची निकिता. पाय पोटरीपर्यंत चिखलात. तिने छायाला ओळखलं आणि ती सरळ उभी राहिली, पण जवळ आली नाही. चंदर बांधावरून आला. छायाने पत्र त्याच्या हातात दिलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

मग निकिता आली. ओले हात ओढणीला पुसून तिने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तारखेवर तिचे डोळे थांबलेले छायाला दिसले.

"त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरात बघितलं होतं ना?"

"अर्धंच बघितलं होतं."

"मग लिहून कसं दिलं?"

वाटेत छायाने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. "माझं काही चुकलं असेल असं मला वाटलंच नाही," ती म्हणाली. "तू चुकली असशील, हे मात्र लगेच वाटलं."

निकिताने मान हलवली. तिला हे आधीपासून माहीत असावं.

"जीप थांबवलीय मी. आत्ता निघालीस तर संध्याकाळी नाशिकला पोचशील."

"नको. उद्या येईन. बापासंगं, आमच्या आमी." तिने पत्र बापाकडे दिलं आणि ती पुन्हा खाचरात उतरली.

"बाई, लांबून आलात," चंदर म्हणाला. "भाकर खाऊन जा."

तो आग्रहाने म्हणत होता, आणि नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही असं छायाला वाटलं. ती बांधावर बसली. त्याने फडकं सोडून नागलीची अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा तिच्या हातावर ठेवला. ती हळूहळू खात राहिली. बाकीच्या बाया एकेक करून भाकरीला आल्या, पाय धुवून बसल्या, बोलू लागल्या. निकिता आली नाही. खाली वाकून ती एकटी आपली ओळ पुरी करत होती.